जमीन मऊ होईपर्यंत

तुला लाडाचं नाव ठेवणार नाही मी.
आर्माँ चाळीस वर्षं तुला जे म्हणायचा
ते तर मुळीच नाही,
रविवारी चर्चला जाणाऱ्या बाईच्या तोंडी ते शोभत नाही.

निळ्या नळ्या, मेपलपासून मेपलपर्यंत,
टेकडी उतरत थेट पाक आटवायच्या खोपटात,
आणि दर मार्चात त्यांत तुझे दात.
तू, तुझी आई, तिची आई.
रस थेंब थेंब बर्फात जायचा
आणि हा टेप, पक्कड, शिव्या घेऊन निघायचा.
घरात माझ्याशी दिवसाला चार वाक्यं.
तुझ्याशी तासन्‌तास.

जानेवारीत गेला.
व्हर्मांटच्या या टोकाला जानेवारीत
जमीन कुदळीला जुमानत नाही.
थंडीत जाणाऱ्यांना थांबावं लागतं
कबरस्तानाच्या कडेच्या दगडी खोलीत,
लोखंडी दाराआड, फळ्यांवर, शेजारी शेजारी.
यंदा तिघं होते:
शाळेतली स्वयंपाकीण, पोस्टातला एक म्हातारा,
आणि आर्माँ,
ज्याला चारचौघांत बसणं कधी जमलं नाही.

कबरी खणणाऱ्या वेंडेलला विचारलं, कधी?
म्हणाला, कॅलेंडर बघू नकोस, सर्व्हिसबेरी बघ.
ती पांढरी झाली की फावडं आत जातं.

म्हणून मी झाडांकडे बघायला लागले.
इतकी वर्षं कढई बघितली, वाफ बघितली,
हिशेबाची वही.
झाडं त्याच्याकडे होती.

नळ्या जोडायला या मार्चात मीच गेले
आणि तुला पहिल्यांदा कामात पाहिलं.
कोवळ्या फांदीला एकच चावा,
आणि तू निघून गेलीस. चाटलंसुद्धा नाहीस.
मी उभीच, पाय बधिर.
दुसऱ्या दिवशी, उन्हानं पाणी उडाल्यावर,
सालीवर उरलेला गोड ओघळ
तू परत येऊन चाटलास. सावकाश.
म्हणजे तूही रस आटवतेस!
सरपण नाही, कढई नाही, रात्रीची जागरणं नाहीत.
अगं, तू आमच्याच धंद्यातली,
आणि चाळीस वर्षं आम्ही तुला चोर ठरवलं.
हे त्याला सांगायला दगडी खोलीपर्यंत गेले.
दाराला कुलूप होतं.
बाहेरूनच सांगितलं.

दारातलं फोर्सिथिया पिवळं झालं,
मी वेंडेलला फोन केला.
ते उतावळं असतं गं, म्हणाला. थांब.

मग लाल मेपलला फुलं आली,
बारीक, लाल, पानांच्या आधी, उघड्या फांद्यांवर.
मागच्या पायांनी उलटी लोंबकळून
तू ती ओरबाडून खात होतीस.
लोक म्हणतात, वसंत म्हणजे सुगी.
तुझ्या बरगड्या दिसत होत्या.
मीही तेव्हा
त्यानं रचलेल्या लाकडांच्या शेवटच्या रांगेपाशी आले होते.

मे महिन्याच्या सातव्या दिवशी ओढ्याकाठी
सर्व्हिसबेरी फुलली.
फार देखणी नाही. कुणीतरी घाईनं
वाळत टाकलेल्या जुन्या धुण्यासारखी,
विरलेली, वाऱ्यानं हलणारी.
त्याच दुपारी वेंडेलचा ट्रक वर चढताना ऐकला.

फादर थिबो प्रार्थना म्हणत होते.
मुलगी दूरहून आली होती, रडत होती,
आणि मला रडू येत नाही म्हणून माझ्याकडे बघत होती.
तेवढ्यात हेमलॉकच्या शेंड्यातून तू सुरू झालीस,
ते तुझं चर्रर्र, चर्रर्र,
शेपटीच्या दर झटक्याला नवीन,
श्वास न घेता, कुणाची भीड न ठेवता.
फादर थांबले. वेंडेलनं टोपीआड तोंड लपवलं.
मी हसले. कबरीच्या काठावर, मोठ्यानं.
त्या अख्ख्या सकाळीत
आर्माँला ओळखीचं वाटलं असतं
असं तेवढंच एक बोलणं होतं.

आता टेकडी हिरवी आहे.
नळ्या उतरवल्या, धुतल्या, गुंडाळून ठेवल्या.
त्याच्या कोटाच्या खिशात
टेपचं अर्धं भेंडोळं सापडलं.
ते मार्चात लागेल.
तू तुझं काम कर.
शिव्या मला अजून नीट येत नाहीत.
शिकेन.